ज्या शब्दांशी घासाघीस चालत नाही

घासाघीस मी मिठागरावर शिकलो. खाडीकाठच्या आमच्या गावात मीठ उचलायला व्यापारी यायचे, भाव तेच सांगायचे आणि माझा बाप टोपी हातात घेऊन त्यांच्यापुढे गप्प उभा राहायचा. ते बघून लहानपणी माझं डोकं जे तापलं ते अजून निवलेलं नाही. पुढे डोंबिवलीत स्वतःचा छापखाना टाकला तेव्हा कागदवाला, शाईवाला, छपाईचे खिळे ओतून देणारा, कोणालाच मी पहिल्या भावावर सोडलं नाही. डॉक्टरच्या फीवरसुद्धा मी वाद घातलेला आहे. बायको म्हणते, मी भांडतो. मी भांडत नाही. समोरचा म्हणतो हा माझा शेवटचा भाव, आणि तो शेवटचा नाही हे मला दिसत असतं, म्हणून आवाज चढतो.

एवढ्या आयुष्यात एकाच गोष्टीने मला तसूभरही सूट दिली नाही. डच भाषेतल्या लांबलचक शब्दांनी. हॉलंड मी पाहिलेलं नाही, ती भाषा मला येत नाही, पण ते शब्द आठवले की आजही मी हातातलं काम थांबवतो.

त्याआधी माझ्या घशात अडकलेली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. स्वतःचा छापखाना टाकण्याआधी मी ठाण्यातल्या एका जुन्या प्रेसमध्ये कंपोझिटर होतो. भिंतीला लावलेल्या केसच्या, म्हणजे लाकडी पेटीच्या खणांतून अक्षरांचे शिशाचे खिळे उचलायचे, हातातल्या स्टिकच्या पट्टीत उलटे जुळवायचे, ओळ भरली की पुढची. मालक विद्वान माणूस. संस्कृत यायचं, इंग्रजी यायचं, प्रेसमध्ये प्राध्यापक मंडळी बसलेली असायची. काम त्यांनी मला उत्तम शिकवलं, हे मी नाकारत नाही. उजवी कड ओळंब्यात पाहिजे, एक ओळ आत नको, एक बाहेर नको, हे त्यांचंच. पण मी प्रेसमध्ये रुळलो तेव्हा एकदा एका गिऱ्हाइकाने मला पत्रिकेचा कागद कोणता चांगला म्हणून विचारलं आणि मी सांगितलं. गिऱ्हाईक गेल्यावर मालक म्हणाले, "तू केसकडे तोंड करून उभा राहत जा. कोणी आलं तर बोलू नकोस. तुझा तो आगरी हेल दुकानात शोभत नाही."

पुढची सगळी वर्षं मी तिथे भिंतीकडे तोंड करून काढली. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर मान हलवायची. मी प्रेस सोडताना मालक दुसऱ्या कोणाला तरी सांगत होते, "हात चांगला आहे त्याचा, पण भाषेचं अंग नाही." मी दारात चप्पल घालत होतो. ऐकू यावं म्हणूनच बोलले असतील.

तर, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना पाण्याच्या नळांना लागणारे व्हॉल्व्ह बनवून हॉलंडला पाठवायला लागला. प्रत्येक खोक्यात एक घडीची पुस्तिका टाकायची होती, व्हॉल्व्ह कसा बसवायचा, काय काळजी घ्यायची, सगळं डचमध्ये. मजकूर तिकडच्या खरेदीदाराने टाइप करून पाठवलेला. कारखान्याचे परचेसवाले साहेब दोन प्रेसमध्ये भाव विचारत होते, एक माझा आणि एक ठाण्याचा. ठाण्याचा म्हणजे माझ्या जुन्या मालकांचाच हे कळल्यावर मी जो भाव दिला त्यात मला काही सुटणार नव्हतं. मला काम हवं होतं. त्यांच्या हातून काढून घेतलेलं काम हवं होतं.

काम हाती आलं आणि पहिल्याच दिवशी खण रिकामे झाले. आपल्याकडे इंग्रजीच्या केसमध्ये 'के', 'झेड', 'जे' या अक्षरांचे खिळे थोडेच असतात, इंग्रजीला ते लागतात कुठे. या भाषेला ते मुठीमुठीने लागत होते. 'ई' तर पाण्यासारखा वाहत होता. मी मुंबईला जाऊन, भांडून, जादा खिळे ओतवून आणले. मग खरी पंचाईत सुरू झाली. पुस्तिका हाताच्या पंजाएवढी, रकाना अरुंद आणि शब्द असे की एकेक शब्द ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन वर उरतोय. जवळजवळ प्रत्येक ओळीत शब्द तोडायची वेळ.

शब्द तोडणं आम्हाला नवीन नव्हतं. मराठीत कुठेही तोडा, अक्षर पूर्ण झालं की झालं. जोडाक्षर फोडायचं नाही, ते अख्खं पुढच्या ओळीला द्यायचं, बस. त्याच सवयीने माझा हात चालला. ओळ भरेल तिथे शब्द कापला, व्यंजनं पुढच्या स्वराच्या पदरात टाकली, जोडरेघ मारली. प्रूफ काढलं तेव्हा उजवी कड अशी सरळ होती की मी तिच्यावर फूटपट्टी ठेवून बघितली.

ते प्रूफ हॉलंडला गेलं आणि परत आलं. साहेबांनी मला बोलावून टेबलावर ठेवलं. ओळ सोडून ओळ लाल शाई. सगळ्या खुणा उजव्या कडेला, जिथे जिथे मी शब्द तोडला होता तिथे.

"त्यांनी लिहिलंय," साहेब म्हणाले, "की हे गिऱ्हाइकाच्या हातात देता येणार नाही. वाचताना माणूस ठेचकाळतो म्हणे."

माझं डोकं फिरलं. "साहेब, अक्षर एक चुकलंय का? एक दाखवा. एवढे लांब शब्द ठेवतात कशाला माणसं? आमचे शब्द बघा, दोन बोटांत मावतात."

"मला नका सांगू. हॉलंडला सांगा." ते चष्मा पुसत होते. "हे बघा, रागावू नका. ठाण्याचे ते गृहस्थ करतो म्हणाले. शिकलेले आहेत, काहीतरी मार्ग काढतील. तुम्ही आपले आमचे चलनाचे पॅड आणि लेबलं छापा."

चलनाची पॅडं आणि लेबलं. हात चांगला आहे, तेवढं करा. मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. "साहेब, पुढचा माल जहाजावर चढेपर्यंत थांबा. तोवर तिकडून पसंती आली नाही तर मी हे जुळवलेले सगळे खिळे गॅलीसकट डोक्यावर घेऊन स्वतः ठाण्याला नेऊन देतो."

"स्वतः?"

"स्वतः."

साहेब हसले. त्यांना गंमत वाटली असेल. मला त्या शिशाने भरलेल्या लोखंडी गॅलीचं वजन तिथल्या तिथे मानेवर जाणवलं.

डच येणारं माणूस मला बायकोने शोधून दिलं. ती मुलीचा कान दाखवायला कल्याणच्या दवाखान्यात जायची. तिथल्या नर्सेसच्या बोलण्यात एका मोठ्या सिस्टरचं नाव यायचं, ज्या तरुणपणी हॉलंडच्या इस्पितळात नोकरीला गेल्या, बरीच वर्षं राहिल्या आणि आता शहाडला बहिणीकडे राहत होत्या. त्यांचे वडील ठाकुर्लीच्या वीजघरात बॉयलरवर कामाला होते, त्यांनी मुलींना शिकवलं, एक शिक्षिका झाली, एक ही. मी प्रूफ घेऊन शहाडला गेलो ते दुपारी. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बैठं घर, ओट्यावर कुंड्या, आत कपाटावर बुद्धाची छोटी पितळी मूर्ती आणि तिच्या शेजारी लाकडी पवनचक्की. दार उघडलं त्या बाई उंच, पांढरे केस बारीक कापलेले आणि आवाज असा की वॉर्डच्या या टोकावरून त्या टोकाचा पेशंट उठून बसावा.

"बाई, माझं एक काम होतं," मी म्हटलं.

"बाई नाही. सिस्टर म्हणा. बसा."

मी प्रूफ दाखवलं, काय झालं ते सांगितलं. त्यांनी लाल खुणांवरून नजर फिरवली आणि एकदम हसल्या. "अहो प्रेसवाले, हे तुम्ही काय केलंय? हे तर खाटकाने केल्यासारखं झालंय. हाडावर घाव घातलाय सगळीकडे. सांध्यावर एकसुद्धा नाही."

मी राग गिळला. काम होतं. "सिस्टर, बरोबर कुठे तोडायचं तेवढ्या पेन्सिलीने खुणा करून द्या. काय घ्याल ते बोला."

"काही नाही घेणार."

इथे मी अडकलो. भाव सांगणाऱ्याशी घासाघीस करता येते. भावच न सांगणाऱ्याशी काय करायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी परत विचारलं, त्यांनी परत नाही म्हटलं.

"खुणाही करून देणार नाही," त्या म्हणाल्या. "मी एक शब्द म्हणेन. तुम्ही माझ्यामागून म्हणायचा, नीट येईपर्यंत. आला की तो कुठे तुटतो ते तुमचं तुम्हाला कळेल. कबूल असेल तर रोज या, नाहीतर चहा घ्या आणि निघा."

"सिस्टर, मला ती भाषा बोलायची नाहीये. छापायची आहे."

"मला बोलायची आहे," त्या म्हणाल्या. "इथे आल्यापासून माझ्याशी एक माणूस ती बोललेलं नाही. बहिणीला वैताग येतो. म्हणा, हांतलेडिंग."

मी म्हटलं, कसंबसं. त्यांनी मान हलवली. टेबलावर स्टीलचा ग्लास होता, त्यावर त्या चमच्याने वाजवायला लागल्या. पहिला ठोका जोरात, मधला जरा हलका, शेवटचा नुसता टेकल्यासारखा. "हांत. लेय. डिंग. हांत म्हणजे हात. लेडिंग म्हणजे नेणं. तुमची ही जी पुस्तिका आहे ना, तिला ते असं म्हणतात. हाताला धरून नेणारी."

माझ्या प्रूफवर पहिल्याच पानावर, ठळक टायपात, मी तो शब्द 'हां' आणि 'न्दलेडिंग' असा तोडला होता, कारण तो 'त' लिहिताना 'द' लिहितात. हाताचा पंजा मनगटापासून नाही, तळव्याच्या मधोमध कापला होता.

"आता हा. वाटरलेडिंग. वाटर म्हणजे पाणी. पाण्याला नेणारी ती काय?"

"पाइप," मी म्हणालो.

"पाइप. तोच शब्द. माणसाला नेते ती पुस्तिका, पाण्याला नेतो तो नळ."

मी मिठागरावरचा माणूस आहे. भरतीचं पाणी बांधाबांधाने एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं नेतात ते मी चालायला लागलो तेव्हापासून पाहिलेलं आहे. मी त्या शब्दाकडे बघत राहिलो. इतके दिवस मी त्याची अक्षरं मोजत होतो आणि त्याच्यात पाणी वाहतंय हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. दुपारी प्रेस बायकोवर सोपवून जायचो. सिस्टर शब्द म्हणायच्या, मी म्हणायचो, त्या ग्लास वाजवायच्या. मराठी माणूस बोलतो तेव्हा सगळ्या अक्षरांना साधारण सारखंच वजन देतो, सरळ रांगेत. त्या भाषेत तसं नाही. लांब शब्दात पहिल्या तुकड्यावर बहुतेक वेळा सगळा भार, मग पुढचा तुकडा सुरू होतो तिथे थोडा भार, आणि मधली अक्षरं त्या दोघांच्या आधाराने झोके घेत जातात. भार कुठे पडतो ते कानाला कळलं की सांधा दिसतो. भार चुकला तर शब्द जागच्या जागी मरतो.

"मी तिकडे नवीन होते," सिस्टर म्हणाल्या, "तेव्हा रक्तदाब बघायचं यंत्र मागायला गेले. ब्लूतद्रुकमेटर. ब्लूत रक्त, द्रुक दाब, मेटर मोजणारं. सगळं पाठ केलं होतं. पण जोर दिला शेवटी, मेटरवर. समोरची नर्स माझ्याकडे बघतच राहिली. मी परत म्हटलं, आणखी जोरात, परत शेवटीच. ती म्हणाली, कळलं नाही. अहो, एक अक्षर चुकलं नव्हतं माझं. पुढे एका म्हाताऱ्या पेशंटने, शाळामास्तर होता तो, पलंगाच्या दांडीवर बोटं वाजवून मला शिकवलं. त्याला बरं वाटलं की शिकवायचा, नाही वाटलं की मी नुसती दांडी वाजवायची आणि तो डोळे मिटून मान हलवायचा."

मी माझ्या साहेबांना हेच म्हटलं होतं, अक्षर एक चुकलंय का. ते मी सिस्टरना सांगितलं नाही.

एक शब्द मात्र मला सोडत नव्हता. व्हॉल्व्ह वापरताना घ्यायच्या काळजीचं शीर्षक. फेलिखहेट्सफोरस्ख्रिफ्टन. लिहून बघा, ओळ संपते. फेलिख म्हणजे सुखरूप. फेलिखहेट म्हणजे सुखरूपपणा. फोरस्ख्रिफ्टन म्हणजे आधी लिहून ठेवलेले नियम. आणि या दोघांच्या मध्ये एक एकटा 'एस' उभा. मला ओळीत बरोबर तेवढी, एका खिळ्याएवढी जागा कमी पडत होती.

"सिस्टर, हा 'एस' पुढच्या ओळीत ढकलला तर माझी कड सरळ राहते."

"नाही जाणार."

"तो त्या पहिल्या शब्दाचाही नाही, तुम्हीच म्हणालात. दुसऱ्याचाही नाही. मग तो कुणाचाच नाही ना? कुठेही उभा राहील."

"तो जोडायला आलाय. पण हात धरतो तो मागच्याचा. म्हणून बघा." त्यांनी ग्लास वाजवला. "फेय. लिख. हेट्स. इथे श्वास. फोर. स्ख्रिफ. टन."

मी म्हटलं. मग मुद्दाम तो 'एस' पुढे ढकलून म्हटलं. जीभ अडखळली. पुढचा 'फोर' उभाच राहीना, त्याच्यावर भार देता येईना, कोणीतरी त्याच्या खांद्यावर बसल्यासारखं झालं.

"एखाद्या ठिकाणी चालवून घ्या, सिस्टर," मी म्हणालो. "एकाच ठिकाणी. बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं करतो."

"माझ्या हातात असतं तर दिलं असतं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला काय विचारताय? तिकडच्या राजाने सांगितलं तरी तो 'एस' हलणार नाही. आणि हे तिथे चार वर्षांच्या पोराला कोणी शिकवत नाही. त्याला माहीतच असतं."

 आयुष्यभर मी हेच पाहत आलो होतो की प्रत्येक भाव कुठेतरी वाकतो. व्यापाऱ्याचा वाकतो, सरकारी माणसाचा वाकतो, देवापुढे नवस बोलताना माझी आईसुद्धा अर्ध्या नारळावर यायची. आणि इथे एक शिशाचा बारीक खिळा, ज्याला स्वतःचा अर्थ नाही, ज्याला घर नाही, तो एका जागेवरून हलत नव्हता, आणि त्याला तिथे कोणी उभा केला ते सांगणारं कोणी नव्हतं. कोणी बसून ठरवलेलं नाही. कोट्यवधी तोंडांनी बोलता बोलता तो तिथे बसलाय. मला त्या दुपारी अंगावर काटा आला. देवळात येतो तसा.

सिस्टर चहा ओतत म्हणाल्या, "तुम्हाला लवकर जमतंय पण. मला याच्या दसपट वेळ लागला होता."

"माझं शिक्षण सातवी," मी म्हणालो.

"त्याचा संबंध नाही. तुमच्या बोलण्यात हेल आहे. तुम्ही खाडीकडचे ना? तुम्ही रागावलात की ऐकावं. पहिला शब्द आपटता आणि बाकीचे त्याच्यामागून घरंगळत येतात. आमची बहीण बोलते पुस्तकासारखी, सगळं सपाट. तिला ग्लास फुटेपर्यंत वाजवला तरी येणार नाही."

आतून बहिणीचा आवाज आला, "मला ऐकू येतंय."

"ऐकायलाच बोलतेय."

मी कप खाली ठेवला.  ज्या हेलासाठी मला वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून उभं केलं, तोच हेल ही बाई सहज, चहा ओतता ओतता, कामाची वस्तू असल्यासारखा दाखवत होती. बरं वाटलं म्हणावं तर तसंही नाही. उलट त्या मालकाचा राग दुप्पट झाला.

त्या संध्याकाळी गावी गेलो. आई अंगणात सुकट निवडत होती. मी तिच्यापुढे बसून तो लांब शब्द म्हणून दाखवला, नीट, भार देऊन. तिने हात थांबवला.

"यवरा मोठा सबूद?" आई म्हणाली. "कुनाला हाका मारतंस रं?"

तेव्हा मला आठवलं. मिठागरावर दुपारी वारा सुटायचा आणि बायका बांधावर उभ्या राहून माणसांना जेवायला हाक मारायच्या. लांब हाक, पण आई पहिल्याच अक्षरावर सगळा जोर टाकायची, मग मध्ये सोडून द्यायची, मग शेवटाकडे एकदा हलकं उचलायची. मधलं सगळं वारा घेऊन जायचा. पोचायचे ते दोन उंचवटे, आणि तेवढ्यावर माझ्या बापाला कळायचं की हाक आपल्याला आहे. आम्ही हे मुद्दाम करतोय असं आम्हाला कधी वाटलं नाही.

मी जुळवलेले सगळे खिळे सोडवून पुन्हा जुळवायला घेतले. आता स्टिक हातात घेऊन मी शब्द मोठ्याने म्हणायचो, मगच खिळा उचलायचो. शेजारचा टेलर दोनदा डोकावून गेला, बायकोला विचारून गेला की यांची तब्येत बरी आहे ना. शब्द सांध्यावर तोडला की ओळी कमीजास्त व्हायला लागल्या. एक भरलेली, एक तोकडी. शब्दांमध्ये मोकळ्या जागा घालून ओळी ताणल्या तर वाक्याला भोकं पडत होती. शेवटी मी ठरवलं, कड सरळ ठेवायची नाही. डावीकडे सगळ्या ओळी एका रेषेत, उजवीकडे जिथे शब्दाचा सांधा येईल तिथे ओळ थांबेल. चांगल्या कंपोझिटरसाठी हे म्हणजे इस्त्री न केलेले कपडे घालून लग्नाला जाणं. मला ते शिकवणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी तरी तसंच केलं.

प्रूफ देताना साहेबांनी कड बघून कपाळाला आठ्या घातल्या. "हे असं दातेरी का दिसतंय?"

"साहेब, भरती उतरल्यावर किनारा असाच दिसतो," मी म्हणालो. "पाठवा तुम्ही. वाकडं आलं तर गॅली डोक्यावर घ्यायला मी आहेच."

हॉलंडहून उत्तर येईपर्यंत मी कोणाशी धड बोललो नाही. कागदवाल्याशी त्या दिवसांत मी भाव केला नाही, म्हणून तो घाबरून स्वतःच स्वस्त बोलला. मग एकदा साहेबांचा फोन आला. छापा, म्हणाले. लाल खूण एकही नव्हती. तिकडच्या माणसाने विचारलं होतं की तुमच्याकडे आमचं कोणी आहे का.

पहिली पुस्तिका घडी करून मी शहाडला नेली. सिस्टरनी ती उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली, व्हॉल्व्हचा पेच किती आवळायचा ते सुद्धा, एखादी पोथी वाचावी तशी. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. कुठे अडखळल्या नाहीत. त्यांच्यामागे बहीण भाजी चिरत होती आणि तिनेही विळीवरचा हात थांबवला होता. पुढे नव्वदच्या दशकात माझ्याकडे कॉम्प्युटर आला, शब्द आपोआप तोडणारा. डच मजकुरावर त्याने पहिल्याच पानात तीच गाढवचूक केली जी मी केली होती, फक्त इंग्रजी वळणाने. मी ते तोडणं बंद करून टाकलं आणि शब्द मोठ्याने म्हणत म्हणत हाताने तोडत राहिलो.

पण ते नंतरचं. त्या पहिल्या छपाईतली दुसरी प्रत घेऊन मी ठाण्याला गेलो. न जाऊन चाललं असतं. पण मला ते जमलं नसतं.

प्रेस तशीच होती. मालक थकले होते. समोर एक गिऱ्हाईक, मराठीचे कोणी प्राध्यापक असावेत, पत्रिकेचे नमुने चाळत बसले होते. मी उभा असायचो त्या केससमोर दुसरं कोणीतरी उभं होतं, भिंतीकडे तोंड करून.

मालकांनी पुस्तिका उघडली, डोळ्यांजवळ नेली. "उजवी कड अशी खाल्लेली का?"

"तिथेच तुटतात ते शब्द."

"कोण म्हणतं?"

"शब्दच म्हणतात," मी म्हणालो, आणि ते शीर्षक म्हणून दाखवलं. पूर्ण, छातीतून, आई बांधावरून हाक मारते त्या आवाजात. फेलिखहेट्सफोरस्ख्रिफ्टन. प्राध्यापकांनी मान वर केली. केससमोरच्या माणसाचा हात खणात थांबला.

"हळू," मालक म्हणाले. "गिऱ्हाईक बसलंय."

इतक्या वर्षांनी तोच हुकूम. माझं डोकं सणकलं. मी वाकून, त्यांच्या टेबलावर हात टेकून तो शब्द पुन्हा म्हटला, आणखी मोठ्याने, अजिबात हेल न लपवता.

 मालकांच्या हातात पुस्तिका तशीच होती, नजर त्या शीर्षकावर. आणि मी बघितलं, त्यांच्या उजव्या हाताचं बोट टेबलावर हललं. एकदा जोरात. मग दोनदा हलकं, मग थांबलं. मग पुन्हा एकदा, जरा कमी जोरात, अगदी जिथे 'फोर' सुरू होतो तिथे, आणि मग शेवटाकडे उतरत गेलं. ओठ हलत नव्हते. आपलं बोट वाजतंय हे त्यांना माहीत होतं असं मला वाटत नाही.

मी नमस्कार न करता बाहेर आलो. ते जे माझ्याविषयी बोलले होते ते मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. पण बाहेर जिना उतरताना मी थांबून कान दिला. आत कोणी बोलत नव्हतं. टेबलावर बोट मात्र अजून वाजत होतं, आणि बरोबर वाजत होतं.